मदुराईचे नेत्रालय आणि आपला धर्मादाय
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



या वर्षीच्या संमेलनात ‘दानधर्म’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आज्ञा प्रेमाची असल्यामुळे ती मोडवली नाही. परंतु दानधर्म हा विषय इतका व्यापक आहे, आणि त्यावर कीर्तनकारांपासून पुढाऱ्यांपर्यंत इतके बोलून झाले आहे, की माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने त्यात नवी भर ती काय घालावी? यास्तव दानाच्या महतीवर प्रवचन करण्याऐवजी, दानाची एक खरी घडलेली हकीकत आपणांपुढे ठेवावी असे मी योजिले आहे. ही हकीकत दक्षिणेतील मदुराई शहरी स्थापन झालेल्या ‘अरविंद नेत्र रुग्णालया’ची आहे.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या मंडळाच्या निधीत गेल्या काही वर्षांत जी शिल्लक पडली आहे, तिचा विनियोग कसा करावा याचा विचार उद्याच्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. सभागृहाची गच्ची वाढवून भोजनगृह करावे असे काही सभासदांचे मत आहे. वृद्धांच्या नेत्रचिकित्सेसाठी स्वतंत्र निधी काढावा अशी दुसरी सूचना आहे. त्या सूचनेतही, हा निधी केवळ ज्ञातिबांधवांसाठी असावा की सर्वांसाठी, यावर मतभेद आहेत. मत देणे हे उद्याचे काम. आज केवळ एक उदाहरण पाहावयाचे आहे.

प्रथम रोगासंबंधी थोडेसे. आपल्या डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वयोमानाप्रमाणे ते गढूळ होऊ लागते आणि अखेर त्यातून प्रकाश आत जाईनासा होतो. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूने गेलेली बहुधा येते. भारतातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आहे. म्हणजे आपल्या देशातील फार मोठ्या संख्येचे अंध हे वस्तुतः अंध राहण्याचे कारणच नाही. त्यांच्यापाशी उपचार पोहोचला नाही, एवढाच त्यांचा दोष.

उपचार तरी नवा आहे काय? सुश्रुताच्या संहितेत शलाकेने गढूळ भिंग बाजूस सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समधील दाव्हिएल नावाच्या शस्त्रवैद्याने भिंग बाहेर काढण्याची पद्धती प्रचारात आणली. तथापि भिंग काढल्यावर डोळ्यात भिंगच उरत नसल्याने रुग्णाला जाड चष्मा लावावा लागे. १९७५ च्या सुमारास आमच्या आजीची शस्त्रक्रिया झाली, ती मला नीट आठवते. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून तिला उताणे निजविले होते, डोके हलू नये म्हणून दोहो बाजूंस वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या, आणि खोकलासुद्धा काढू नये अशी ताकीद होती. पुढे तिला जो चष्मा मिळाला त्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या. त्यातून वस्तू मोठ्या व जवळ दिसत. पाणी ओतावयास गेली तर ते पेल्याबाहेर सांडे, उंबरठा ओलांडताना पाय भलतीकडे पडे. एकदा चष्मा फुटला, तेव्हा नवा येईपर्यंत ती पुन्हा आंधळी झाली. तरीही नातवंडांची तोंडे दिसली म्हणून तिने देवाचे उपकार मानले.

या चष्म्यावरील तोड १९४९ सालीच निघाली होती. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याच्या असे लक्षात आले होते, की युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या आच्छादनाचे प्लॅस्टिकचे कण शिरले, तरी ते डोळ्याला बाधत नाहीत. त्यावरून त्याने तशाच पदार्थाचे कृत्रिम भिंग करून लंडन येथे रुग्णाच्या डोळ्यात बसविले. परंतु आपल्याकडील गरिबाच्या डोळ्यापर्यंत ते भिंग पोहोचावयास चाळीसाहून अधिक वर्षे लागली. ती मजल मारण्यात मदुराईच्या या संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

मी छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील शाळांतून शिकविले. हजेरीपटावर वारंवार गैरहजर दिसणाऱ्या मुलांची कारणे शोधावयास गेलो म्हणजे कधी कधी असे आढळे, की घरात आंधळे आजोबा आहेत आणि त्यांची काठी धरून हिंडण्याचे काम या मुलाकडे आहे. एका वृद्धाची दृष्टी गेली, की त्याच्याबरोबर एका बालकाचे शिक्षण जाते, नाही तर घरातील एका स्त्रीची मजुरी बुडते. नेत्रदोष हा एका माणसाचा रोग नसून तो साऱ्या घराचा रोग आहे, हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही.

आता मूळ हकीकतीकडे वळू. या संस्थेचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळनाडूतील वडमलपुरम् नावाच्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी कागद-पेन्सिलीची वानवा असल्याने नदीकाठची वाळू पसरून तीवर बोटाने अक्षरे गिरविण्यात त्यांचा आरंभ झाला. गावात वैद्य नव्हता. त्यांच्या नात्यातील तीन तरुण स्त्रिया बाळंतपणात दगावल्या. त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम होऊन आपण डॉक्टर व्हावे आणि स्त्रियांची सुखरूप सुटका करावी असा त्यांनी निश्चय केला. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी १९४४ साली मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

येथेच दैवाने आघात केला. तीव्र संधिवाताने त्यांचे सारे सांधे धरले. १९४८ साली त्यांना लष्करातून मुक्त करण्यात आले. कित्येक महिने ते अंथरुणास खिळून होते. उभे राहवेना, हातात लेखणी धरवेना. बोटे कायमची वाकडी झाली. प्रसूतिशास्त्राचा मार्ग बंद झाला. दुसऱ्या कोणाही माणसाने येथे हात टेकले असते. त्यांनी तेच वाकडे हात घेऊन नेत्रचिकित्सेचा अभ्यास आरंभिला, आणि १९५४ साली त्या विषयातील उच्च पदवी संपादन केली. आपल्या बोटांना पेलतील अशी हत्यारे त्यांनी मुद्दाम घडवून घेतली. अशा हातांनी या गृहस्थाने आपल्या आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. डोळ्यावरील शस्त्रक्रियेत केसाएवढी चूक चालत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचे मोल कळते.

१९५६ पासून ते मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख होते. रुग्णाने आपल्याकडे यावे म्हणून वाट पाहत न बसता ते खेडोपाडी जाऊन नेत्रशिबिरे भरवू लागले. सकस आहाराच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो व पुढे डोळे जातात. अशा मुलांच्या मातांना पालेभाज्या कशा शिजवाव्या हे शिकविणारे केंद्रही त्यांनी चालविले. १९७३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ते अविवाहित राहिले. वडिलांच्या पश्चात धाकट्या भावंडांची शिक्षणे व विवाह यांची जबाबदारी थोरले बंधू म्हणून त्यांनीच पार पाडली.

१९७६ साली सरकारी नियमानुसार ते सेवानिवृत्त झाले. वय अठ्ठावन्नाच्या घरात. आपणांपैकी आम्ही जे सेवानिवृत्त आहोत, त्यांना या वयाचा अर्थ चांगला ठाऊक आहे. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावयास वेळ मिळतो. डॉ. वेंकटस्वामींनी त्याच वर्षी मदुराईत एका भाड्याच्या घरात अकरा खाटांचे नेत्र रुग्णालय काढले. श्रीअरविंदांच्या तत्त्वज्ञानावर त्यांची निष्ठा असल्याने त्यांचेच नाव रुग्णालयास दिले. हे शहर मीनाक्षीदेवीचे. मीनाक्षी म्हणजे जिचे नेत्र मत्स्यासारखे आहेत ती. नेत्रालयास याहून शोभणारे क्षेत्र कोणते?

भांडवल कोठून आले, हा प्रश्न आपल्या कोषाध्यक्षांच्या मनात एव्हाना आलाच असेल. बँकांनी कर्ज देण्याचे नाकारले. तेव्हा घर गहाण पडले, साठविलेले पैसे एकत्र झाले, आणि घरातील स्त्रियांचे दागिने सावकाराकडे गेले. कामाला माणसे कोणती? धाकटी बहीण डॉ. नाच्चियार, तिचे पती डॉ. नंपेरुमालसामी, नंपेरुमालसामींच्या भगिनी डॉ. विजयालक्ष्मी व त्यांचे पती डॉ. एम्. श्रीनिवासन हे सारे नेत्रवैद्य. आणि स्थापत्य अभियंता असलेले बंधू जी. श्रीनिवासन यांच्याकडे बांधकाम व हिशेब. म्हणजे भाऊ, बहीण, मेहुणे, नणंद आणि नणंदेचे यजमान! या साऱ्यांनी त्या पहिल्या काळात अत्यल्प प्राप्तीत अहोरात्र काम केले. डॉ. वेंकटस्वामी स्वतः तर संस्थेकडून वेतन न घेता आपल्या निवृत्तिवेतनावर राहिले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबा. हे रुग्णालय भावकीने उभारले. परंतु ते भावकीपुरते ठेवले नाही. आपल्या मंडळाला यातून जे शिकावयाचे आहे, त्याचे सार मला या एका वाक्यात दिसते.

पुढची वाढ पायरीपायरीने झाली. १९७८ साली सत्तर खाटांचे विनामूल्य रुग्णालय उघडले. १९८१ साली मुख्य रुग्णालयाची इमारत वापरात आली. १९८४ साली मोफत रुग्णांसाठी साडेतीनशे खाटांची नवी इमारत झाली. नंतर १९८५ मध्ये तेनी, १९८८ मध्ये तिरुनेलवेली, १९९७ मध्ये कोइमतूर, २००३ मध्ये पुदुच्चेरी आणि २०१७ मध्ये चेन्नई येथे संस्थेची रुग्णालये निघाली. अकरा खाटांपासून आरंभ झालेल्या या कार्याचा पसारा असा वाढला, की आज दर वर्षी तेथे शस्त्रक्रिया व तत्सम उपचार मिळून चार लाखांहून अधिक होतात, आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास विनामूल्य किंवा अगदी अल्प मोबदल्यात होतात.

हे चालते कसे? पुष्कळांची समजूत अशी, की यामागे कोणी मोठा धनिक असावा. तसे नाही. संस्थेस वेळोवेळी देणग्या व परदेशी मित्रसंस्थांचे साहाय्य मिळाले हे खरे. पण रोजचा खर्च भागतो तो पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कावर. ज्याला ऐपत आहे तो शुल्काच्या दाराने जातो. ज्याला नाही तो मोफतच्या दाराने. विशेष हे, की कोणत्या दाराने जावयाचे हे रुग्णाने स्वतः ठरवावयाचे असते. तलाठ्याचा दाखला नाही, उत्पन्नाचा तक्ता नाही, कोणाची शिफारस नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोन्हीकडे तेच. ते पाळीपाळीने दोहो विभागांत काम करतात. भेद आहे तो राहण्याच्या सोयीत. पैसे देणाऱ्यास स्वतंत्र खोली व खाट मिळू शकते, मोफत रुग्ण मोठ्या दालनात चटईवर निजतात. भिंगाच्या प्रकारातही फरक पडतो. परंतु दृष्टी दोघांनाही मिळते.

कोणी शंका घेतील, की असे दार मोकळे ठेवले तर सधन माणसेही मोफतच्या रांगेत उभी राहतील. थोडी राहतही असतील. पण चटईवर निजण्याची तयारी दाखवून कोणी चार पैसे वाचविले, तर संस्थेचे त्यात फारसे बिघडत नाही. उलट प्रत्येकाची चौकशी करावयास बसले तर कारकुनांचा खर्च वाढेल, आणि खरा गरजू लाजेने परत जाईल. दान देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही जुनी शिकवण येथे नियमात उतरविलेली आहे.

दुसरे रहस्य कामाच्या मांडणीत आहे. नेत्ररुग्णालयातील सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे शस्त्रवैद्याचा वेळ. तेथे एका शस्त्रवैद्यासाठी दोन टेबले मांडलेली असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर पुढचा रुग्ण सर्व तयारीनिशी निजविलेला असतो. एक संपली की सूक्ष्मदर्शक वळवून डॉक्टर दुसऱ्याकडे वळतात. अमेरिकेतील प्रवासात डॉ. वेंकटस्वामींनी मॅक्डॉनल्ड नावाची खाद्यगृहे पाहिली. गावोगावी तोच पदार्थ, तीच चव, तीच स्वच्छता, आणि साध्या शिकलेल्या मुलांकडून करविलेले काम, हे पाहून, अशीच शिस्त नेत्रचिकित्सेस का लावता येऊ नये, असा विचार त्यांनी केला. या मांडणीमुळे तेथील एक शस्त्रवैद्य वर्षाकाठी दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. साध्या त्रैराशिकाचा हा प्रश्न आहे. इमारत, यंत्रे, वेतन यांचा खर्च ठरलेला असतो. तोच अधिक रुग्णांत विभागला की दर रुग्णामागे तो उतरतो. मोफत रुग्णांची संख्या वाढली तर संस्था बुडेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात संख्या हीच तिची शक्ती ठरली.

डॉक्टरांचा वेळ वाचविण्यासाठी बाकीची कामे कोणी तरी निगुतीने केली पाहिजेत. त्यासाठी खेड्यांतील शालेय शिक्षण झालेल्या मुली निवडून त्यांना दोन वर्षे शिक्षण दिले जाते. डोळे तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, रुग्णाची शस्त्रक्रियेसाठी तयारी करणे, डॉक्टरांना साहाय्य करणे, ही कामे या मुली करतात. शेतकऱ्यांच्या घरच्या मुलींना वेतन, कौशल्य आणि मान मिळाला, आणि रुग्णाला आपल्याच बोलीत धीर देणारे माणूस मिळाले. माझ्या मते त्या रुग्णालयाचा खरा कणा याच मुली होत.

तिसरी गोष्ट शिबिरांची. आरंभी शिबिरात तपासून ‘तुम्ही शस्त्रक्रियेस या’ असे सांगितले, तरी फार थोडे लोक येत. शस्त्रक्रिया फुकट असूनही का येत नाहीत, याचा संस्थेने शोध घेतला. कारणे आपण ओळखू शकाल अशीच होती. एस्.टी.चे भाडे नाही. शहरात जेवावयाचे कोठे. बरोबर यावयास माणूस नाही. आणि सर्वांवर मात करणारी भीती. तेव्हा शिबिरातूनच रुग्णांना बसने रुग्णालयात न्यावयाचे, जेवण व निवास द्यावयाचा, शस्त्रक्रिया करून पुन्हा गावी आणून सोडावयाचे, असा क्रम सुरू झाला. एका गावची दहा माणसे बरोबर असली की भीती अर्धी होते. चष्म्याचेही तसेच. नंबर सांगून नंतर न्यावयास या म्हटले तर लोक परत येत नसत. म्हणून काचा घासून चौकटीत बसविण्याची सोय शिबिरातच केली. फुकट देणे म्हणजे पोहोचविणे नव्हे, हा धडा त्यांनी असा प्रत्यक्षात घेतला. शिबिराचा स्थानिक खर्च व व्यवस्था मात्र त्या त्या गावची मंडळे, दानशूर गृहस्थ व सेवासंस्था पाहतात. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारले आहे. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

चौथी गोष्ट कृत्रिम भिंगाची. हे भिंग परदेशातून आणावयाचे तर एका डोळ्यामागे शंभर डॉलरांच्या घरात खर्च येई. ते शेतमजुराला कोठून परवडणार? श्रीमंताला भिंग आणि गरिबाला बाटलीच्या बुडाचा चष्मा, हा भेद डॉ. वेंकटस्वामींना सलत होता. १९९२ साली, ‘सेवा’ या अमेरिकेतील मित्रसंस्थेच्या व डेव्हिड ग्रीन या गृहस्थांच्या साहाय्याने, मदुराईतच ‘ऑरोलॅब’ नावाचा भिंगांचा कारखाना निघाला. भिंगाची किंमत प्रथम दहा डॉलरांच्या आसपास आली व पुढे त्याहूनही उतरली. मदुराईत झालेली भिंगे आज शंभराहून अधिक देशांत जातात. आमच्या आजीच्या चष्म्याचे दिवस अशा रीतीने संपले. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून घेतला. सकाळी गेलो आणि सायंकाळी घरी येऊन चहा घेतला, आणि तो कपाबाहेर सांडला नाही.

या शतकात संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. शिबीर वर्षातून एकदोनदा भरते, डोळा मात्र रोज दुखू शकतो. म्हणून २००४ सालापासून लहान गावांतून दृष्टिकेंद्रे उघडण्यात आली. तेथे शिकविलेली मुलगी डोळे तपासते, आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर यंत्राच्या पडद्यावर रुग्णाशी बोलून सल्ला देतात. अशी शंभराहून अधिक केंद्रे झाली आहेत. शिवाय आपली पद्धती गुप्त न ठेवता इतरांस शिकविण्यासाठी १९९२ सालीच एक शिक्षणसंस्था काढली. देशोदेशींच्या शेकडो रुग्णालयांनी तेथून धडे घेतले. दुकानदार आपली युक्ती शेजाऱ्यास सांगत नाही. धर्मादाय संस्थेने ती सांगितली पाहिजे.

७ जुलै २००६ रोजी डॉ. वेंकटस्वामी निवर्तले. पुष्कळ संस्था संस्थापकाबरोबरच सती जातात. ही गेली नाही. २००८ साली गेट्स पारितोषिक आणि २०१० साली हिल्टन मानवसेवा पारितोषिक संस्थेस मिळाले, ते त्यांच्या पश्चात. ज्या घरात शिस्त लावलेली असते, ते घर कर्ता गेल्यावरही चालते.

असे कार्य केवळ दक्षिणेतच झाले असे समजू नये. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. मोदी यांनी गावोगावी नेत्रशिबिरे भरवून असंख्यांना दृष्टी दिली. आपल्या मराठवाड्यातून पुढे आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सेवा करीत असता आनंदवनातील कुष्ठरोगमुक्तांसाठीही शिबिरे घेतली. पुण्यात अंधजन मंडळाचे एच्. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय गरिबांची सेवा करीत आहे. म्हणजे शस्त्रवैद्य आहेत, रुग्णालये आहेत. उणीव आहे ती रुग्णाला घरच्या ओट्यावरून तेथपर्यंत नेणाऱ्यांची.

आता आपल्या मंडळाच्या प्रश्नाकडे येतो. आपण रुग्णालय काढावे असे मी म्हणत नाही. ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे आणि त्याची आवश्यकताही नाही. पण मी मघाशी जे वाक्य सावकाश उच्चारले ते आठवा. शिबिराची स्थानिक व्यवस्था गावची मंडळे पाहतात. ते आपल्या आवाक्यातले आहे. आपली मंडळी तालुक्यातालुक्यांत विखुरलेली आहेत. प्रत्येक शाखेने आपापल्या गावातील साठीपुढील स्त्रीपुरुषांची यादी करावी. कोणास धूसर दिसते, कोण एकटे आहे, कोणास सोबत हवी, हे टिपून ठेवावे. जवळच्या धर्मादाय नेत्ररुग्णालयाशी बोलून तपासणीचा दिवस ठरवावा. बसभाडे, दोन वेळचे जेवण आणि सोबतीस आपले तरुण, एवढा भार मंडळाने उचलावा. शाळेतील मुलांचे डोळेही त्याच दिवशी तपासून घ्यावे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली मुले प्रत्येक शाळेत असतात, आणि एका साध्या चष्म्याने त्यांचे आयुष्य बदलते.

राहिला मतभेदाचा मुद्दा. निधी आपल्या लोकांच्या वर्गणीतून जमला, तेव्हा त्यावर पहिला हक्क आपल्या लोकांचा, असे जे म्हणतात त्यांना मी स्वार्थी समजत नाही. आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन वसतिगृह बांधले, ते ज्ञातीतील मुले शिकावी म्हणूनच. मीही त्याच वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो. परंतु वसतिगृहाच्या खोल्या मोजक्या असतात, एकाला दिली तर दुसऱ्याला नाही. बसचे तसे नाही. एका गावात आपली दोनच वृद्ध माणसे असली, तर दोघांसाठी बस जाणार काय? ती गावासाठी गेली तरच भरेल, भरली तरच परवडेल, आणि परवडली तरच आपल्या त्या दोघांनाही न्यावयास पुढच्या वर्षी येईल. सर्वांसाठी उघडलेले दार आपल्याही माणसासाठी अधिक काळ उघडे राहते, हेच मदुराईच्या हिशेबाचे सार आहे. शिवाय, आपल्या आजीला हात धरून बसमध्ये चढविणारा तरुण शेजारच्या आळीतील आजीला ‘तुम्ही मागे राहा’ असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आणखी एक नम्र सूचना. आपल्यातील ज्यांना ऐपत आहे त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेचे शुल्क अशाच धर्मादाय रुग्णालयात भरावे. खाजगी दवाखान्यात जाणारा पैसा तेथे गेला, तर त्यातून आणखी कोणाचा तरी डोळा उघडेल. वेगळे दान करण्याचे कष्टही पडणार नाहीत.

भोजनगृहाला माझा विरोध नाही. पंगती उठाव्यात, माणसे एकत्र जेवावीत, हे मलाही आवडते. परंतु पंगतीत बसलेल्या ज्या वृद्धाला पानात काय वाढले आहे ते दिसत नाही, त्याची सोय आधी व्हावी, एवढेच माझे म्हणणे. निर्णय सभेचा आहे. तो कोणताही झाला तरी मी मंडळाचा सेवकच आहे, आणि आमच्या तालुक्याची यादी करण्याचे काम मी आजच अंगावर घेतो.